पारोसे देव

अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या आमच्या मंदिराचं म्युझियम झालं ते एका रविवारी, टाळ्यांच्या कडकडाटात. मंदिर म्हणजे एक बंद पडलेलं गालिच्यांचं दुकान, पण तिथे रोज घंटा वाजायची, पूजा व्हायची. मग कमिटीतल्या शहाण्यांना साक्षात्कार झाला की 'टेंपल' म्हटलं की शेजारी पार्किंगवरून कुरकुरतात आणि आपलीच मुलं नाकं मुरडतात. पाटी बदलली. देव काचेच्या कपाटात गेले आणि गुरुजींना नारळ मिळाला. "आता आपण मेनस्ट्रीम झालो, यार!" अध्यक्ष माइकवरून म्हणाले. असल्या अकलेपुढे कपाळ तरी किती बडवायचं?

त्या कपाटात माझ्या आईचे टाक होते, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली आमची कुलदैवतं. ती निम्मं वर्ष नाशिकला असते. ती तिकडे असताना माझ्या घरी देव पारोसे राहतील म्हणून तिने ते विश्वासाने मंदिरात ठेवले होते. यंदा आली आणि काचेसमोर थबकलीच.

"अरे, यांना आंघोळ कोण घालतं?"

"काकू, ते एक्झिबिट आहे, टच नाही करायचं," अध्यक्ष म्हणाले. परत मागितले तर म्हणे, "आता कलेक्शनमध्ये गेलेत. ट्रस्टींचं अप्रूव्हल लागेल."

जन्मभर देव न्हाल्याशिवाय आईने चहा घेतला नव्हता. आता ती चहा करायची आणि तसाच ओतून द्यायची. मला त्या अध्यक्षांची किळस आली.

आमच्या शेजारच्या आजीबाई सोव्हिएत रशियात वाढलेल्या. त्यांना हे सांगितलं तर त्या हसल्याच.

"आमच्या गावच्या चर्चचं सरकारने म्युझियम केलं होतं. प्रार्थना करताना दिसलं की चौकशी. पण आमच्यावर बळजबरी होती. तुमच्यावर कुणी केली?"

लोकांनी मार खाऊन जे सोसलं, ते आमच्या कमिटीने समोसे खात ठराव करून ओढवून घेतलं होतं.

"माझ्या आजीने तिथेच साफसफाईची नोकरी धरली," त्या म्हणाल्या. "धूळ पुसताना ओठ हलले तर कोण विचारतं?"

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. तिने लगेच अध्यक्षांना फोन लावला आणि क्लीनिंगचं काम मागितलं. फुकटात माणूस मिळाल्यावर ते कशाला नाही म्हणतील? कपाटाची किल्ली दिली, वर पांढरे हातमोजेही दिले. आईने ते पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नाहीत. रोज सकाळी ऑफिसला जाताना मी तिला तिथे सोडतो. ती टाकांना आंघोळ घालते, गंध लावते, साखरेचा नैवेद्य दाखवते आणि सगळं पुसून कपाट बंद करते. नाशिकचं तिकीट तिने मला कॅन्सल करायला लावलं.

परवा समारंभात अध्यक्षांनी तिला बेस्ट व्हॉलंटियर म्हणून शाल दिली. "काकूंमुळे आपले एक्झिबिट्स कसे चमकतात बघा!"

गाडीत बसल्यावर आईने शाल मागच्या सीटवर टाकली.

"चमकतील नाहीतर काय," ती म्हणाली. "त्या इमारतीत पारोसे नाहीत ते तेवढेच."