विहीणबाईंचं चौथं हॉटेल

त्यांना घरात कोणी नावाने हाक मारत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत नवऱ्याने त्यांचं नाव चौकशीबाई ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. कारण उघड होतं. कुठेही जायचं ठरलं की बाई आधी हॉटेलात फोन लावायच्या आणि पलीकडच्या माणसाला घाम फोडायच्या. खिडकी कुठल्या बाजूला उघडते? स्वयंपाकघराचा वास वर येतो का? गरम पाणी दिवसभर म्हणजे खरोखर दिवसभर, की सकाळी अंघोळी उरकेपर्यंतच? शेजारी बांधकाम चालू आहे का, आणि असलंच तर ठोकाठोकी किती वाजता सुरू होते?

एरवी त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, कानामागे टोचतं म्हणणाऱ्याची काडी गरम करून वाकवायची, आणि हौसेने उचललेला चष्मा शोभत नसेल तर न दुखावता तसं सांगायचं. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून खपणाऱ्या या बाईंना स्वतःला मात्र कुठेही आधी खोटच दिसे. हॉटेलांबद्दल प्रवाशांनी लिहिलेले अभिप्रायही त्या शेवटून वाचत, सगळ्यात वाईट तो पहिला. "कौतुक काय, कोणीही करतं," त्या म्हणत. "चिडलेला माणूस खरं लिहितो."

लेक लहान असताना या कामात त्यांची मदतनीस होती. दोघी पलंगावर नकाशा पसरून बसत. एकीने नदी शोधायची, दुसरीने नदीकाठचं हॉटेल. लग्न झाल्यावरही लेकीचा फोन येई, "अगं आई, दोनच दिवस सुट्टी आहे, कुठे जाऊ? तूच सांग." चौकशीबाई कुरकुरत, "मला काय एवढाच उद्योग आहे?" आणि आतून फुलून येत.

मग विहीणबाई निवृत्त झाल्या.

विहीणबाई विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. निवृत्तीनंतर माणसं झाडं लावतात, डाळ निवडत बसतात, सुनेच्या संसारात नाक खुपसतात. यांनी संगणकाचा वर्ग लावला. आणि एका रविवारी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं, ताटं उचलल्यावर टीव्ही लावला, आणि पडद्यावर निळंशार बेट उमटलं.

"आपण सगळे जायचं," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं, हे दोघं, मी आणि आपली भिंगरी."

भिंगरी म्हणजे नात. तीन वर्षांची. चालायला लागली ती थेट पळायलाच लागली, म्हणून भिंगरी. आत्ताही ती टीव्हीपुढून सोफ्यामागे आणि सोफ्यामागून टेबलाखाली फिरत होती.

पडद्यावर एकेक दिवस रंगांत मांडला होता. समुद्राचं ते निळं, पाहण्याच्या जागा पिवळ्या, विश्रांती हिरवी. पोचल्या दिवशी काहीच नाही, नुसतं वाळूत बसायचं. दुसऱ्या दिवशी काचेच्या तळाची होडी, म्हणजे पोहता न येणाऱ्यांनाही खालचे मासे दिसतील. मग धबधबा, पण ऊन चढायच्या आत. मसाल्याची बाग दुपारी, कारण तिथे सावली. कासवं किनाऱ्यावर येतात ती संध्याकाळ मुद्दाम मोकळी ठेवलेली.

चौकशीबाई डोळे ताणून खोट शोधत राहिल्या. सापडेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वाईट केलं असतं तर त्यांनी मोठ्या मनाने माफही केलं असतं.

"अहो आई, काय सुंदर केलंय तुम्ही!" लेक म्हणाली. आणि मग आपल्या आईकडे वळून, "अगं आई, बघितलंस? तुला या वेळी काहीच करायचं नाही. नुसतं यायचं."

नुसतं यायचं! चौकशीबाई हसल्या. ते हसू त्यांनी घरी पोचेपर्यंत कसंबसं टिकवून धरलं.

"छान बेत आहे हो," नवरा कुलूप उघडता उघडता म्हणाला. "तुझी बदली झाली म्हणायची. चौकशी खात्यातून प्रवासी खात्यात."

"तुम्ही गप्प बसा."

पण बेत नुसता बेत होता, हॉटेल अजून ठरायचं होतं. विहीणबाईंनी घरच्या ग्रुपवर पहिलं हॉटेल टाकलं. चौकशीबाईंनी रात्रीचं जेवण लवकर उरकलं आणि शेवटून वाचायला घेतलं. 'उशा फार पातळ आहेत असं एकाने लिहिलंय,' त्यांनी कळवलं. विहीणबाईंचं उत्तर आलं, 'हरकत नाही, दुसरं बघू.' दुसऱ्याच्या बागेत डास होते. 'हरकत नाही.' तिसऱ्याच्या नाश्त्याला रोज तेच ते. 'बरं झालं सांगितलंत, चौथं शोधते.'

विहीणबाई एकदाही चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रत्येक 'हरकत नाही'गणिक त्या थोर होत गेल्या आणि चौकशीबाई किरकिऱ्या. जावयाने एक हसरा चेहरा टाकला. लेकीने काहीच टाकलं नाही.

"उशा!" नवरा म्हणाला. "घरी तू उशी न घेता झोपतेस."

"मी माझ्यासाठी म्हणते का?"

"मग कोणासाठी? मला तर गाठोडंही चालतं."

चौथं हॉटेल आलं आणि ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला. समुद्रात खांब रोवून त्यावर लाकडी खोल्या उभ्या केलेल्या. खोलीचं काचेचं दार उघडलं की पुढे लाकडी ओटा, आणि ओट्याच्या खाली हिरवट, नितळ पाणी. 'याच!' लेकीने लिहिलं. 'अहो आई, याच खोल्या!' उद्या रात्री पैसे भरून टाकते, विहीणबाईंनी कळवलं. या हॉटेलात एकदा भरले की परत मिळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकानात दुपारी गर्दी ओसरली तशा चौकशीबाई मागच्या खोलीत स्टुलावर बसल्या आणि फोटो बोटांनी मोठे करू लागल्या. खरं सांगायचं तर त्या डाग शोधत होत्या. खिडकीच्या पडद्यावर एखादा डाग, चादरीला एखादी सुरकुती, काहीही चाललं असतं. एका फोटोत बाई ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती. दुसऱ्यात ओट्यावरून एक शिडी सरळ पाण्यात उतरत होती. चौकशीबाईंनी तिसरा फोटो पाहिला, चौथा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

ओट्याला कठडाच नव्हता.

मांडीवरचा जेवणाचा डबा न उघडताच राहिला. त्यांनी अभिप्राय काढले. बऱ्याच खाली एका बाईने लिहिलं होतं: खोली स्वप्नासारखी आहे, पण लहान मूल असेल तर येऊ नका. काचेचं दार ढकललं की सहज सरकतं. मी दात घासत होते. माझा मुलगा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पोचला होता, पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं होतं, तेव्हा मला दिसला.

चौकशीबाईंनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"अगं, त्या खोल्यांना कठडा नाही. भिंगरी..."

"आई." लेकीचा आवाज थकलेला होता. "उशा झाल्या. डास झाले. आता कठडा."

"अगं पण खरंच नाहीये! तू फोटो बघ."

"असेल गं, फोटोत आला नसेल. एवढं मोठं हॉटेल आहे. आणि दार लावून ठेवू ना आपण."

"दार सरकतं. एका बाईने लिहिलंय..."

"तुला कोणीतरी काहीतरी लिहिलेलं नेहमीच सापडतं. आई, सासूबाई काही बोलत नाहीत, पण मला लाज वाटते. त्यांनी किती हौसेने केलंय. तुला यायचंच नसेल तर तसं सांग." मागून कोणीतरी तिला हाक मारली. "ठेवते, काम आहे."

चौकशीबाई फोनकडे बघत बसल्या. ग्रुपवर लिहायला घेतलं, 'कठडा' एवढा शब्द उमटला आणि त्यांनी तो पुसला. तिथे आपल्या शब्दाला किती वजन उरलंय ते त्यांना ठाऊक होतं. ते त्यांनीच घालवलं होतं, एक उशी, एक डास, एक नाश्ता करत. नवऱ्याला सांगावं तर तो कोटी करणार. विहीणबाईंना स्पष्ट सांगावं तर त्या 'हरकत नाही' म्हणतील, पण लेक मध्ये पडून म्हणेल की अहो आई, तिचं मनावर घेऊ नका, भरा पैसे.

बाहेर गिऱ्हाईक आलं. कोणाची तरी काडी ढिली झाली होती. स्क्रू आवळता आवळता चौकशीबाईंच्या मनात आलं, जाऊ दे. भरू देत पैसे. जाऊ सगळे. तिथे एखाद्या सकाळी नुसतं घाबरायला होईल, अगदी थोडंसं. पाय घसरेल, कोणीतरी किंचाळेल, आपण झेप घालून धरू. मग सगळे आपल्याकडे वळून बघतील. लेक म्हणेल, अगं आई, तू सांगत होतीस. विहीणबाईंचा चेहरा उतरेल. तो उतरलेला चेहरा त्यांना इतका स्पष्ट दिसला की बरं वाटलं. आणि मग ती किंकाळी ऐकू आली. ती भिंगरीची होती.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आवळायचा स्क्रू तसाच अर्धवट राहिला. "बाई, बरं वाटत नाहीये का?" गिऱ्हाइकाने विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या. स्वतःची एवढी भीती त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुकान सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. चष्मा काढून पर्सच्या तळाशी ठेवला आणि विहीणबाईंची बेल वाजवली.

"अगंबाई, तुम्ही! या, या."

"सहजच आले. माझा वाचायचा चष्मा मोडलाय."

"चष्म्याच्या दुकानात असून?" विहीणबाई खळखळून हसल्या. "म्हणजे हलवायाच्या घरी साखर नाही म्हणायची!"

"तसंच काहीसं." चौकशीबाई बसल्या. पुढचं वाक्य त्यांनी रस्ताभर घोटलं होतं, तरी दाढ उपटावी तसं ते तोंडातून निघालं. "तुम्ही हॉटेलं किती छान शोधता. मला तसं जमत नाही. कसं करता ते जरा दाखवाल?"

विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच टीव्हीला संगणक जोडला, खुर्ची ओढली आणि अभिप्राय मोठ्याने वाचू लागल्या. "'स्वर्ग!' बघा. 'अविस्मरणीय.' 'कर्मचारी फार प्रेमळ.'"

"आणि खाली?"

"खाली कशाला जायचं? मी वाईट वाचतच नाही. मन खराब होतं उगाच."

चौकशीबाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "लहान मुलांबद्दल कोणी काही लिहिलंय का हो? भिंगरीला खेळायला काय काय आहे ते कळलं असतं."

"हो की! हे मला सुचलंच नाही." विहीणबाईंनी 'लहान मूल' असं टाइप केलं. "हं... मुलांसाठी वाळूचे खेळ... छोटी सायकल... हे एक आहे. 'खोली स्वप्नासारखी आहे, पण'..." त्या थांबल्या. पुढचं मोठ्याने वाचलं नाही. ओठ नुसते हलत राहिले. मग त्यांनी खोलीचे फोटो भराभर उघडून पाहिले, एकामागून एक.

"कठडाच नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

"काय सांगता!" चौकशीबाई पुढे वाकून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघू लागल्या.

"हे बघा ना. शिडी सरळ पाण्यात. आणि आपली पोरगी..." विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला. "मी आत्ता पैसे भरणार होते. तुम्ही बेल वाजवलीत ना, तेव्हा कार्ड हातात होतं माझ्या."

त्यांनी लगेच सुनेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं सांगितलं, अभिप्राय वाचून दाखवला.

"बापरे," लेक म्हणाली. "अहो आई, बरं झालं तुम्ही बघितलंत! मला कल्पनाच करवत नाही. तुम्ही किती बारकाईने बघता सगळं!"

चौकशीबाई वाट पाहू लागल्या. आता ती म्हणेल. दुपारीच तर बोलणं झालं होतं, शब्द न् शब्द तोच होता. आता म्हणेल, आई पण हेच सांगत होती.

"लक्ष ठेवावं लागतं बाई," विहीणबाई म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. वाचलं त्यांनीच होतं. "तुझी आई इथेच बसलीये."

"हो का?" लेक म्हणाली. मग जरा थांबून, "अगं आई, ऐकलंस ना? यांना किती पटकन दिसलं."

"ऐकलं गं," चौकशीबाई म्हणाल्या.

तोंडात दोन शब्द तयार होते, 'मीच सांगितलं.' ते म्हणायला किती वेळ लागणार होता? पण मग उद्या पुन्हा कोणाचं खरं, कोणाचं खोटं, आधी कोण बोललं. आणि लेक हट्टाला पेटली की काय करील याचा नेम नाही, हे आईइतकं कोणाला माहीत असणार? ते हॉटेल सुटायला हवं होतं, ते सुटलं होतं. चौकशीबाईंनी दोन शब्द गिळले. गोळी पाण्याशिवाय गिळावी तसे ते अडकत अडकत खाली गेले.

पाचवं हॉटेल दोघींनी तिथेच बसून शोधलं. बागेतल्या बैठ्या खोल्या, समुद्र रस्त्यापलीकडे, मध्ये फाटक. विहीणबाईंनी वरचं वाचलं, आणि चौकशीबाईंच्या आग्रहाने, नाराजीने का होईना, खालचंही वाचलं.

रात्री घरी नवरा ग्रुप वाचत पलंगावर पडला होता. "बघितलंस का? विहीणबाईंनी काय पकडलं ते! कठडा नव्हता म्हणे. नाही तर तू, उशा मोजत बसलीस." तो हसला. "तू त्यांच्याकडून शिक जरा."

"आज तेच करायला गेले होते," चौकशीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

फोन वाजला. लेकीने ग्रुपवर लिहिलं होतं, 'अहो आई, तुम्ही होतात म्हणून!' खाली जावयाचा बदाम, नवऱ्याचा बदाम. सगळे आले होते, एकच राहिला होता. चौकशीबाईंनी ओला हात साडीला पुसला. जळत होतं, अगदी छातीपासून घशापर्यंत जळत होतं, आणि भिंगरी बैठ्या खोलीच्या अंगणात पळत होती. त्यांनी बदाम दाबला. इतक्या जोरात दाबला की एकाऐवजी तीन गेले.

लगेच विहीणबाईंचं उत्तर आलं, 'किती प्रेमळ आहात हो तुम्ही!'

चौकशीबाईंनी फोन पालथा घातला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "त्या फाटकाला कडी आहे का, ते विचारायला हवं."

"आता तूच विचार ग्रुपवर."

"मी नाही," त्या म्हणाल्या. "उद्या विहीणबाईंकडे जाते."