वरातीत फिरलेली गाडी

ती फिर्याद आठवली की माझे डोके आजही तापते.

तेव्हा संभाजीनगरातल्या एका ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. चाकाच्या खुर्चीतून एक बाई आल्या, मागे त्यांचा भाऊ. बाई वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या. शहरात राहून वैजापूरच्याच कॉलेजात शिकवायच्या. अपघातानंतर दोन्ही पाय निकामी झालेले. त्यांनी विजेवरची नवी गाडी खास सांगून बनवायला दिली होती. ब्रेक आणि वेग, दोन्ही हातातल्या दांडीवर. किंमत आधीच भरलेली. शोरूमचा मॅनेजर मात्र कित्येक महिने एकच सांगत होता, ‘सुटे भाग यायचेत.’

भाऊ संतापलेला होता. "काल करमाडला लग्नाला गेलो, तर नवरदेव ताईच्या गाडीतून उतरला, साहेब! तोच मोरपंखी रंग, तीच दांडी. वरून दांडीला हार गुंडाळला व्हता!"

आमचा हवालदार पुटपुटला, "गाडीच तर हाय. दुसरी मिळंल."

बाईंनी ते ऐकले. "हवालदारसाहेब, कॉलेजला जाताना जीपवाला मला रोज उचलून बसवतो. त्याचे हात कुठं कुठं फिरतात, ते सांगू का? गाडी आली की हे संपेल, म्हणून मी गप्प बसले. आणि माझी गाडी वरातीत नाचवली!"

हवालदाराने मान खाली घातली. मी महिला अंमलदाराला बोलावले. जीपवाल्याविरुद्ध बाईंची वेगळी तक्रार नोंदवली आणि त्याला त्याच दिवशी उचलले.

मग मॅनेजरला आणले. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर हसू. "साहेब, तशा रंगाच्या लई गाड्या असतात. मॅडमची गाडी अजून कारखान्यातच आहे."

ज्याला लग्नाबद्दल किंवा रंगाबद्दल काही विचारलेलेच नाही, तो आपणहून रंगाबद्दल बोलतो, तेव्हा समजावे की धागा हाती लागला. मी म्हणालो, "वर्कशॉपला फोन लावा. स्पीकर चालू ठेवा. एवढंच विचारा, मोरपंखी गाडी तयार आहे का?"

त्याने फोन लावला. पलीकडून मेकॅनिक मोकळेपणाने बोलला, "हौ सर, डंडा निकाल दिया. वरातीत ठोकलेला बंपर संध्याकाळपर्यंत होतो. गाडी नवरदेवाकडं कधी पाठवू?"

मॅनेजरच्या तोंडावरचे हसू गेले आणि त्याने सगळे कबूल केले. नवरदेवाचा बाप मोठा पुढारी. त्याला खूश ठेवायला बाईंची गाडी कायमची देऊन टाकली होती. बाईंना पुढच्या खेपेतली दुसरी मिळणार होती, कधीतरी.

थोड्याच वेळात पुढाऱ्याचा फोन आला. "मिटवून टाका. बाईला याच्यापेक्षा भारी गाडी देतो."

"आधी चोरीची परत करा, मग दान करा," म्हणून मी फोन ठेवला. विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला, मॅनेजरला अटक केली, पंचनामा करून गाडी आणि दांडी जप्त केली.

आणि इथे कायद्यानेच माझा संताप वाढवला. जप्त गाडी म्हणजे मुद्देमाल; कोर्टाच्या आदेशाशिवाय हलवता येत नाही. बाईंची गाडी ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी. पुन्हा वाट! ताबा मिळण्याच्या अर्जासाठी मी स्वतः सरकारी वकिलांच्या मागे लागलो. अखेर आदेश झाला, दांडी परत बसवली.

त्या दिवशी हवालदार मदतीला पुढे झाला. बाई म्हणाल्या, "हात लावू नका." खुर्चीवरून स्वतः सरकत त्या आत बसल्या, घामाघूम झाल्या, दार लावले आणि वैजापूरच्या रस्त्याला लागल्या.

मॅनेजर जामिनावर सुटला. आज दुसऱ्या शोरूममध्ये गाड्या विकतो, असे कानावर आहे. फिर्यादीला आम्ही विचारतो, काय गेले? त्या वस्तूची वाट पाहताना काय सोसले, हे विचारत नाही. त्या इजेचा पंचनामा होत नाही. बाईंनंतर मी तो प्रश्न प्रत्येकाला विचारू लागलो. राग मात्र गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.