अण्णाची सोवळ्यातली जर्मन

माझा थोरला भाऊ शरच्चंद्र, म्हणजे आमचा अण्णा, सत्तरीला टेकल्यावर घरबसल्या जर्मन भाषा शिकला. शिकला हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. जर्मन बातम्या लावल्या की त्याला बऱ्याचशा कळतात. जर्मन वर्तमानपत्र तो मोबाइलवर वाचतो आणि त्यात कुणी कुठं ढिसाळ लिहिलंय तेही मला सांगतो. मला काय कळणार, मी हं हं म्हणते. फक्त एक गोष्ट त्याला येत नव्हती. बोलणं.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आम्ही दोघंच राहतो. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, मी लग्न केलं नाही, तेव्हा घर मी बघते आणि जग अण्णा सुधारतो. जन्मभर त्यानं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण विद्यार्थी सुटले नाहीत. सगळी पेठच त्याचा वर्ग. घराखाली श्रीशैलचं किराणा दुकान आहे. त्याच्या घरात कानडी बोलतात, गिऱ्हाइकांशी तो मराठी बोलतो, आणि गोड बोलतो.

"सर, साखर संपली हाय. उद्या येईल की."

"आहे," अण्णा म्हणतो. "साखर संपली आहे."

"व्हय सर. तेच म्हणतोय मी, संपली हाय."

हे असं वर्षानुवर्षं चालू आहे. श्रीशैलचं काही बिघडलं नाही, अण्णाचंच रक्त आटतं. माझंही काही चुकलं की तो जेवता जेवता हात थांबवून दुरुस्त करतो. आमटी निवते, पण वाक्य शुद्ध होतं.

तर जर्मन कशासाठी? अण्णाची एकुलती एक मुलगी ज्ञानदा नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि तिकडच्याच मुलाशी लग्न करून राहिली. तिची मुलगी लीना, सहा वर्षांची. लीनाला मराठी येत नाही. 'आजी' म्हणते मला, 'पोळी' म्हणते, संपलं. फोनवर अण्णा दिसला की ती हात हलवायची, अण्णा हात हलवायचा. पोरगी मग काहीतरी भराभर विचारायची आणि अण्णा हसून फोन ज्ञानदाला दे अशी खूण करायचा. हे त्याच्या जिव्हारी लागलं. नातीशी तिच्या भाषेत बोलायचंच, असं त्यानं ठरवलं. त्या वेळी मला त्याचं कौतुक वाटलं होतं. थोडा वेळ.

पुस्तकं आली, वह्या आल्या, भिंतीवर तक्ते लागले. मोबाइलवर एक बाई धडा म्हणायची. ती एक वाक्य बोलायची आणि थांबायची, शिकणाऱ्यानं तिच्यामागून म्हणावं म्हणून. आमच्या घरात त्या रिकाम्या जागेत फक्त पंख्याचा आवाज यायचा. अण्णा डोळे मिटून मान डोलवायचा, पण ओठ हलवायचा नाही.

"अरे, ती थांबलीय तुझ्यासाठी. म्हण की," मी एकदा म्हटलं.

"अनू, आधी कान तयार व्हावा लागतो. मग जीभ."

हे त्यानं कुठून आणलं ते मला ठाऊक आहे. आमचे वडील देवळात पूजेला होते आणि घरी मुलांना रुद्र शिकवायचे. चुकीचा स्वर तोंडातून जाता कामा नये, दोष लागतो, अशी त्यांची शिकवण. म्हणून नवा मुलगा आला की तो आधी नुसता ऐकायला बसायचा. पाठ पक्का कानात बसेपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. अण्णा असाच शिकला आणि उत्तम शिकला. रुद्राला ती रीत बरोबरच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण रुद्र देवापुढं म्हणायचा असतो. देव मध्येच थांबवून उलट प्रश्न विचारत नाही. सहा वर्षांची पोर विचारते. एवढा फरक ज्याला कळत नाही त्यानं दुसऱ्यांच्या भाषा सुधाराव्यात, म्हणजे काय म्हणावं.

थोडक्यात, अण्णानं जर्मन सोवळ्यात ठेवली. ज्ञानदा फोनवर विनवायची, "बाबा, रोज पाच मिनिटं बोला तिच्याशी. चुकू दे. तीसुद्धा चुकतेच की."

"मूल चुकलं तर शोभतं," अण्णा म्हणायचा. "पाया पक्का होऊ दे, मग एकदम सफाईदारच बोलतो."

एकदा त्यानं स्वतःचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. दार लावून, बरं का. बाहेर आला तो चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"सोलापूरचा माणूस जर्मन बोलतोय असं वाटतं ऐकताना."

"मग कुठला बोलायला हवा होता? तू सोलापूरचाच आहेस."

त्यानं ते पुसून टाकलं आणि परत कधी भरलं नाही.

यंदा डिसेंबरात ज्ञानदा लीनाला घेऊन आली. जावयाला सुटी नव्हती. अण्णानं स्वागताचं एक वाक्य तयार केलं होतं. कागदावर लिहून, तपासून, पुन्हा तपासून. स्टेशनवर गाडी आली, पोरगी उतरली, धावत अण्णाकडे आली आणि तिनं काहीतरी भलतंच विचारलं. ज्ञानदानं मला नंतर सांगितलं, ती विचारत होती, तुमच्या घरी मांजर आहे का. आता स्वागताच्या वाक्यात मांजर कुठून येणार? अण्णानं हात जोडले. सहा वर्षांच्या नातीला, स्टेशनवर, चक्क नमस्कार केला. पोरीनंही बिचारीनं केला.

तिथून पुढं तेच. ती विचारायची, त्याला सगळं कळायचं, चेहऱ्यावरून दिसायचं मला, आणि उत्तर मनातल्या मनात घासूनपुसून तयार होईपर्यंत पोरगी उठून स्वयंपाकघरात आलेली असायची. माझ्याकडे. मी तिच्याशी मराठीत बोलायचे, ती माझ्याशी जर्मनमध्ये. मी भाकरी थापायचे, ती पिठाचा गोळा मागायची. शेंगाचटणी चाखून तिनं जे काही म्हटलं ते मला शब्दाशिवाय कळलं, मी गूळ दिला. यात माझी काही हुशारी नाही. मला काही सिद्ध करायचं नव्हतं, एवढंच.

अण्णा दारात उभा राहून हे बघायचा आणि वर मला म्हणायचा, "तू तिच्याशी बोलत नाहीस अनू, नुसते हातवारे करतेस."

एका दुपारी ज्ञानदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "आत्या, लीना काल झोपताना विचारत होती, ओपा माझ्यावर रागावलेत का. मी त्यांना आवडत नाही का." ओपा म्हणजे त्यांच्याकडे आजोबा. "फोनवर तिला वाटायचं आवाज पोहोचत नसेल. आता समोर आहे ना ती."

मी तडक जाऊन अण्णाला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. पण म्हणाला काय, "उद्या बोलतो. एक वाक्य जवळजवळ झालंय."

त्या गुरुवारी आम्ही अक्कलकोटला गेलो. गुरुवार म्हणजे गर्दी. अण्णाचे गुडघे दुखतात, लीना रांगेत कंटाळली असती, म्हणून त्या दोघांना बाहेर झाडाखाली बसवून मी आणि ज्ञानदा दर्शनाला गेलो. स्वामींकडे मी सहसा काही मागत नाही. त्यांना दिसतंच सगळं. पण त्या दिवशी मागितलं. म्हटलं, महाराज, याचं तोंड उघडा. जर्मन पोटात घेऊन हा असाच गेला तर पोरीला जन्मभर वाटेल, आजोबाला मी नको होते.

बाहेर आलो तो लीना रडत होती. फ्रॉक ओला, मोजे ओले. शेजारी फुलं विकणारी, आमच्या ओळखीची सुंदरम्मा तिच्या पायांवर घागरीतलं पाणी घालत होती आणि अण्णा खांबासारखा उभा.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काय व्हनार? पोरगी पाय चोळत होती, नाचत होती, यांना वढत होती," सुंदरम्मा म्हणाली. "मी म्हटलं, अज्जा, तिकडं न्या की तिला, मागं हाय संडास. तर म्हणतात, थांबा, मी तिच्याशी बोलतोय. कुटं बोलत होते? तोंड तर बंदच की ओ यांचं."

मी अण्णाकडे बघितलं. "तुला कळलं नव्हतं का, ती काय म्हणतेय?"

"पहिल्या झटक्यातच कळलं होतं."

"मग?"

"तिला विचारणार होतो, आई येईपर्यंत थांबशील का, की लगेच जाऊ या. वाक्य लांब होतं."

वाक्य लांब होतं! पोरगी काकुळतीला आलेली, आणि हा मनात वाक्य जुळवत बसला. बोट धरून नेलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, पहिलं वाक्य निघायचं ते निर्दोषच निघायचं. लीनानं परतीच्या वाटेवर गाडीत त्याच्या शेजारी बसायला नकार दिला. पुढच्या सीटवर माझ्या मांडीत येऊन बसली आणि खिडकीकडे तोंड केलं. मोठ्या शाळेत जाणारी मुलगी ती. चारचौघांत कपडे ओले झाले, ते लहानपणी किती लागतं ते आपण विसरतो.

घरी आल्यावर ज्ञानदानं पोरीला आंघोळीला नेलं आणि मी अण्णाच्या खोलीत गेले. त्यानं पुस्तक उघडलं होतं. पुस्तक!

"मिट ते," मी म्हटलं. "एक काम कर अण्णा. तुझी जर्मन देव्हाऱ्यात ठेव. मी रोज हळदकुंकू वाहीन."

"अनू, उपहास पुरे."

"पुरे कसा? तू कधी पुरे म्हणालास? श्रीशैल चुकीचं बोलतो, पण त्याच्या दुकानात आलेलं माणूस उपाशी जात नाही. तू शुद्ध गप्प बसतोस आणि पोर भिजते. तुला माहितीय, तू का बोलत नाहीस ते? जन्मभर लोकांना हसलास. आता कुणी तुला हसेल याची भीती वाटते तुला. सहा वर्षांच्या पोरीची."

मला वाटलं, आता रुसेल, जेवणार नाही. रुसलाच. जेवलाही नाही. मी आग्रह केला नाही.

सकाळी लीना ओट्याजवळ दूध पीत बसली होती. अण्णा आला. तिच्यासमोर पाटावर बसला, गुडघे दुखत असताना. आणि बोलला. काय बोलला ते मला ज्ञानदानं सांगितलं. काल मी वाईट. मी तुझं ऐकलं, मी नाही आलो. मी राग नाही, मी भीती. असलं काहीतरी, पहिलीतल्या पोरासारखं, अडखळत, घाम पुसत. माझ्या मराठी कानांनाही कळत होतं की गाडी रुळावरून घसरलीय.

लीनानं पेला खाली ठेवला. मग ती हसली. खुदकन नव्हे, पोट धरून. अण्णाचे कान लाल झाले. मला वाटलं, उठला आता. पण तो बसून राहिला. पोरीनं बोट उचललं, वाक्य नीट करून म्हणून दाखवलं, आणि म्हणाली, "नोखमाल."

"म्हणजे पुन्हा म्हणा," ज्ञानदा पुटपुटली.

अण्णानं पुन्हा म्हटलं. चुकलं. नोखमाल. पुन्हा चुकलं. नोखमाल. आमच्या घराण्याचा गुणच तो, चुकलेलं वाक्य सोडायचं नाही. माझी पोळी करपली, पण मी जागची हलले नाही.

जाईपर्यंत चारच दिवस उरले होते. त्या चार दिवसांत अण्णा तिच्यापाठोपाठ फिरला, आणि ती त्याला दुरुस्त करत राहिली. दोन वर्षांच्या तक्त्यांपेक्षा त्या चार दिवसांत त्याची जीभ जास्त वळली. हे चार दिवस दहा होऊ शकले असते. ते गेले ते गेले, आणि ते त्यानंच घालवले. स्टेशनवर लीना त्याच्या गळ्यात पडली, हे मी सांगायला हवं. त्यानंही काहीतरी म्हटलं तिच्या कानात. तिनं ते सुधारलं नाही.

आता रविवारी फोन येतो आणि अण्णा मोठ्यानं बोलतो, इतक्या मोठ्यानं की खाली दुकानापर्यंत जातं. पलीकडून पोरगी दरडावते, हा पुन्हा म्हणतो. एवढ्यावर थांबला असता तर मी हे लिहिलंही नसतं. पण परवा तो श्रीशैलला जिन्यात उभं करून समजावत होता, की परकी भाषा शिकायची तर पहिल्या दिवसापासून बोलावं, चुकत बोलावं, लाजू नये, हेच तिचं खरं शास्त्र. जणू हा शोध त्यानंच लावला.

"लई खरं बोललात सर," श्रीशैल म्हणाला. "मी तर रोजच चुकतो हाय की."

"रोजच चुकतो आहे," अण्णा म्हणाला.