करुणाचं लाल पुस्तक

जर्मनीत, नेकारसुल्मच्या कारखान्यात आमची सकाळची मीटिंग चालू होती. मी ब्रेकच्या चाचण्यांचा अहवाल वाचून दाखवत होते आणि मिलिंदचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. तो कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. "ताई, करुणा गेली गं," एवढंच म्हणाला. करुणा त्याची बायको. वय शेहेचाळीस. तिच्या तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते...

आता दोन महिने झालेत. हेर्त्सोगेनआउराखला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, आणि चहाच्या वेळी ओळखीचे एक गृहस्थ माझ्याशेजारी बसून हळहळले. "बिचारीचं वकील व्हायचं राहूनच गेलं हो. या वयात कशाला एवढा सोस?" मिलिंदसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. आज बसणार नाही. हे मी रडायला नाही, भांडायला लिहिते आहे.

करुणा वकील होतीच. नांदेडच्या कोर्टात तिने काही वर्षं आरोपींच्या बाजूने फौजदारी खटले चालवले होते. मिलिंदला इथे नोकरी लागली, ती मुलीला, मैत्रीला, कडेवर घेऊन आली, आणि तिला कळलं की तिच्या सनदेला इथे कोणी विचारत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधी भाषा, मग विद्यापीठात कायदा, मग पहिली सरकारी परीक्षा, आणि त्यानंतर दोन वर्षांचं रेफेरेंडारिआट, म्हणजे वकिलीची प्रत्यक्ष उमेदवारी. काही महिने न्यायाधीशाच्या हाताखाली, काही सरकारी वकिलाच्या, मग एखाद्या सरकारी कार्यालयात, मग वकिलाकडे. एवढं करून दुसरी सरकारी परीक्षा द्यायची, आणि तीत दोनदा नापास झालं की दार कायमचं बंद. पहिल्या खेपेला करुणा नापास झाली. तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "सोड आता. एखाद्या ऑफिसात असिस्टंट म्हणून लाग." तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी विषयच बदलला. "ताई, दुसऱ्यांच्या फाइली लावायला मी वकील नव्हते झाले," ती म्हणाली. त्या सल्ल्याची मला अजून लाज वाटते.

तिचं एक जाडजूड लाल पुस्तक होतं, कायद्यांचं. पुस्तक कसलं, रिंगांची फाइलच. दर काही महिन्यांनी टपालाने बदललेल्या पानांचा गठ्ठा यायचा, आणि रविवारी सकाळी ही बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून जुनी पानं काढायची, नवी घालायची. पोहे गार व्हायचे. मिलिंद चिडवायचा, "अहो वकीलसाहेब, कायदा पळून जात नाही, आधी खाऊन घ्या." ती मान वर न करता म्हणायची, "जातो. म्हणून तर पानं बदलायची."

सरकारी वकिलाकडच्या त्या महिन्यांतला एक दिवस मला सांगायचाच आहे. छोट्या खटल्यांत सरकारची बाजू मांडायला उमेदवाराला एकट्यालाच पाठवतात. सुनावणी कोणालाही बघता येते, म्हणून मी रजा टाकून गेले होते. उमेदवारांसाठी खुंटीला टांगलेले काळे झगे सगळे उंच माणसांच्या मापाचे. हिने आपला झगा साडीच्या पिना लावून आखूड केला होता. समोर एक म्हातारा, स्टेशनबाहेरची सायकल चोरल्याचा आरोप, वकील नाही. साक्षीदाराला धड काही आठवेना. करुणाची पाळी आली तशी ती उठली आणि त्या साक्षीदाराची साक्ष अशी उसवत गेली की न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघायला लागल्या. ही मनाने नांदेडलाच उभी होती! आरोपीची वकील म्हणून! मधेच तिच्याही ते लक्षात आलं. ती थांबली, झग्याची पिन चाचपली... आणि सरकारच्या वतीने आरोपीची निर्दोष सुटका मागून खाली बसली. म्हातारा सुटला.

तिच्या वरिष्ठांनी मात्र प्रगतिपत्रकात लिहिलं की आपण कोणत्या टेबलाशी बसलो आहोत याचा यांना विसर पडतो. मार्क कापले. मी तिला म्हटलं, "चुकलंच ना तुझं?"

"हो, सवयीने बोलत सुटले, ते चुकलं," ती म्हणाली. "पण जे मागितलं ते चुकलं नाही. हे बघा." तिने लाल पुस्तक उघडलं आणि एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. सरकारी वकिलाने आरोपीच्या विरुद्धचंच नाही, त्याच्या बाजूचंही शोधायला हवं, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पान तिने वरिष्ठांच्या पुढ्यात ठेवलं. "आल्झो, म्हणजेच मी बरोबर टेबलाशी बसले होते." मार्क काही वाढले नाहीत. तिनेही रेघ खोडली नाही.

शेवटच्या खेपेचे पाच-पाच तासांचे पेपर तिने केमोथेरपी चालू असताना दिले, डोक्याला निळा स्कार्फ बांधून. डॉक्टर पुढची तारीख घ्या म्हणाले, तर त्यांनाच तिने पुढच्या तारखेची खात्री मागितली. लेखी परीक्षेत ती पास झाली. तोंडीला बोलावल्याचं पत्र अजून फ्रिजवर आहे. त्या गृहस्थांनी चहा घेताना ते वाचलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा तिकडे गेले, तर टपालपेटीत पानांचा गठ्ठा आला होता, करुणाच्या नावाने. मिलिंदला तो परत पाठवायचा होता. मैत्री आता सतरा वर्षांची आहे, मराठी ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तिने गठ्ठा त्याच्या हातातून काढून घेतला. "नाइन. दास मुस आइनसोर्टिएर्ट वेर्डन." नाही, ही पानं लावायला हवीत. मग खोक्यात भरून ठेवलेलं लाल पुस्तक आम्ही बाहेर काढलं आणि टेबलाशी बसलो. तासाभराने रेघेचं पान आलं. तेही बदलायचं होतं. मी हात मागे घेतला, पण मैत्रीने रिंगा उघडल्या, जुनं पान काढून स्वतःजवळ ठेवलं आणि नवं माझ्यापुढे सरकवलं. मी ते बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं. आजूबाजूचं बरंच बदललं होतं. ते वाक्य होतं तिथेच होतं, शब्दही हललेला नव्हता.

करुणाची पेन्सिल पुस्तकाच्या कप्प्यातच होती. मी पट्टी घेतली आणि त्या वाक्याखाली रेघ मारली.