सोन्याला कोळशाच्या खाणीत नोकरी लावायला नेलं

आयुधपूजेला आमचं चेन्नईतलं, गिंडीचं वर्कशॉप चार दिवस बंद असतं. लेथला कुंकू लावायचं, चुरमुरे वाटायचे, गेटवर कोहळा फोडायचा आणि सुट्टी. बाकीचे आपापल्या गावी जातात. मी यंदा भावाला फसवायला गेलो.

भाऊ म्हणजे सोन्या, वय सोळा. दहावीचं विज्ञान दोनदा राहिलं म्हणून मिरजेहून बॅग उचलून थेट माझ्या खोलीवर आला. "दादा, मला पण तुमच्यात लाव." मी मालकांना सांगूनसुद्धा टाकलं, भाऊ अठरा पूर्ण आहे. मी स्वतः असाच चिकटलो होतो. मालक म्हणाले, सोमवारपासून आण. मग आईचा फोन आला. ओरडली नाही, रडली नाही. "तू गेलास, आता तो पण," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मला शिव्या चालतात. हे असलं नाही चालत.

आता सरळ बसवून समजावणं आपल्याला जमत नाही. म्हणून प्लॅन केला. आमचा वेल्डर श्रीनू तेलंगणातल्या येल्लंदूचा. जुन्या कोळसा खाणींचं गाव. झेरॉक्सवाल्याकडून सोन्याच्या नावाने पत्र छापून घेतलं: वर्कशॉपमधली जागा भरली आहे, तुमची नेमणूक खाणीत, जमिनीखाली. वय अठरा. पात्रता: अंधाराला न घाबरणे. खाली झोकात शिक्का मारला. म्हटलं, खाणीचं तोंड बघितलं की गडी मिरजेचं तिकीट मागणार.

तुम्हाला जायचं असेल तर चेन्नई सेंट्रलवरून सकाळी विजयवाड्याची बसायच्या सीटवाली गाडी पकडा. दोनशेच्या आसपास तिकीट, दुपारी पोचवते. स्टेशनबाहेर गोंगुरा, म्हणजे अंबाडीची चटणी आणि भात खा, पण तूप मागून घ्या, नाहीतर कानातून धूर निघतो. पुढे खम्ममला रेल्वे किंवा बस. आम्ही खम्ममला मुक्काम केला. लॉज सातशेचा, पंख्याचा आवाज विमानाचा, वारा शून्य.

गाडीत नेल्लोर गेल्यावर सोन्या चौथ्यांदा पत्र वाचत होता.

"घाबरलास काय रे?"

"नाही. पगार किती ते लिहिलंच नाही यात."

प्लॅनला तिथेच पहिलं भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दीड तासात येल्लंदू. श्रीनू यंदा गावी आला नव्हता, पण त्याने फोनवर रस्ता सांगितला तसं जुन्या खाणीपाशी गेलो. आता खरं सांगतो, बघायला काही नाही. तोंड विटांनी बुजवलेलं, वर काटेरी झुडपं, शेळ्या. तिकीट नाही, पाटी नाही. फोटो काढायला जाणार असाल तर शेळीचाच येईल.

"एवढंच?" सोन्या म्हणाला. नोकरी बुजवलेली बघूनसुद्धा पोराचा चेहरा तसाच.

मग श्रीनूच्या घरी गेलो. तिथे त्याचे आजोबा भेटले, ऐंशीच्या पुढचे, सगळा जन्म खाणीत काढलेला. हैदराबादी हिंदीत बोलत होते. चहा आला, उस्मानिया बिस्किटं आली. मी विचारलं, पूर्वी खाली कसं होतं? सोन्याला ऐकवायचं होतं ना.

आजोबा म्हणाले, ते स्वतः मोठेपणी खाली गेले, पण त्यांचा बाप गेला तो आठव्या वर्षी. खाली हवा ठरलेल्या वाटेने खेळती राहावी म्हणून एक लाकडी दार असायचं. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून ते उघडायचं, गेली की सोडायचं. दिवसभर एवढंच काम, तेही अंधारात. दारावरच्या पोराला दिव्याचं तेल कोण देणार?

"आणि झोप लागली तर?" सोन्याने विचारलं.

"दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा, दार हललं की हिसका बसायचा. पण वांड होता हां माझा बाप! गाडीवाले आले की दार घट्ट धरायचा आणि भुतासारखा घुमायचा. मोठमोठे बाप्ये गाडी सोडून पळायचे."

मी हसून हसून बिस्किट सांडलं. हा तर आपला माणूस! मी पण सांगितलं, वर्कशॉपमध्ये नवीन आलेल्याला मी चुंबकाचं तेल आणायला पाठवतो, बिचारे तासभर दुकानं फिरतात. आजोबाही हसले. मग कपात बघत म्हणाले, "काय करणार. आठ वर्षांचा होता. तिथे खेळायला दुसरं काय होतं?"

मी बिस्किटाचे तुकडे गोळा करायला लागलो.

आजोबा सोन्याकडे वळले. "तू किती वर्षांचा?"

"अठरा," सोन्या फटकन म्हणाला. मालकांसमोर सांगायला मी पाठ करून घेतलं होतं तसं.

आजोबांनी लगेच ओळखलं, खूश झाले. "बापाकडून पण असंच पाठ करून घेतलं होतं, बारा सांग म्हणून. गेटवर खूण केलेली काठी असायची. खुणेपर्यंत डोकं पोचलं नाही की परत. मग काठीपाशी मातीत वीट पुरून ठेवली, वर धूळ पसरली. त्या विटेवर उभा राहिला आणि गेला आत."

"वीट कुणी पुरली?" मी विचारलं.

"त्याच्या मोठ्या भावाने. फार जीव होता त्याचा. रोज खांद्यावर बसवून न्यायचा."

चहा मी तसाच ठेवला. चांगला होता, त्याचा दोष नाही.

बसस्टँडवर सोन्याला सांगून टाकलं की पत्र खोटं आहे.

"माहितीय. शिक्का तुम्ही तपासलेल्या मालावर मारता तो क्यूसी ओकेचा आहे. फुकट ट्रिप मिळत होती म्हणून गप्प बसलो. मग सोमवारी वर्कशॉपला किती वाजता?"

"सोमवारी मी एकटाच जाणार."

"तू पंधराचा असताना लागलास!"

"हो. तपासणीवाले आले की मला भंगाराच्या पिंपात बसवून झाकण लावायचे."

"तो किस्सा भारी आहे तुझा."

"आत लय अंधार असतो रे," मी म्हणालो. हे मी किस्सा सांगताना कधी सांगत नाही.

विजयवाड्यापर्यंत सोन्या माझ्याकडे पाठ फिरवून बसला. तिथे पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, मात्र दोन खाल्ले, माझ्या पैशाने. चेन्नईला पोचल्यावर मी त्याला मिरजेच्या गाडीत बसवलं. खिडकीतून टाटा पण केला नाही.

सोमवारी मालकांनी विचारलं. ते तंजावुरी मराठी, बोलणं जुन्या वळणाचं. "काय रे तंबी, भाऊ कोठे?"

"सोळाचा आहे, मालक. मी खोटं बोललो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तू आलास तेव्हा?"

"तुम्हाला माहितीय की."

ते चष्मा परत चढवून उठले. आतल्या खोलीत निघून गेले.

खर्च म्हणाल तर दोघांचा मिळून पाच हजाराच्या आत. बघण्यासारखं काय, तर शेळ्या. तरी जा. कुणी म्हातारं माणूस भेटलं तर बसा.

सोन्या तीन आठवडे फोन उचलत नव्हता. काल व्हॉट्सॲपवर फोटो आला. मार्चच्या परीक्षेचा भरलेला फॉर्म, आणि शेजारी माझं ते खोटं पत्र. त्यात अठरा खोडून पेनाने सोळा केलंय, आणि खाली लिहिलंय, "दोन वर्षांनी रुजू होतो. पगार लिहून पाठव."