हरकतीच्या यादीत माझं नाव

पोरांनो, आपल्या तलावाकाठी सगळ्यांसाठी पोहण्याची जागा होणार आहे! आणि माझ्यामुळेच ती बुडता बुडता वाचली.

रविवारी सणसवाडीच्या कारखान्यांत कामाला असलेली तरुण मुलं तलावावर येतात. कुठं खोल, कुठं उथळ, त्यांना ठाऊक नसतं. म्हणून नगरपरिषदेनं काठची जमीन विकत घेऊन, दोर बांधून, उथळ किनारा करायचं ठरवलं. नेमका मधला तुकडा आपल्या शेजारच्या आबांचा. ते तोंडी हो म्हणाले होते. सही तेवढी राहिली होती.

मग नोटीस लागली : ‘हरकती व सूचना लेखी द्याव्यात.’ मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. कुणी लेखी मागितलं की मला राहवत नाही. सुवाच्य अक्षरात अर्ज दिला. बायकांना कपडे बदलायला खोल्या असाव्यात, आणि आठवड्यातली एक सकाळ फक्त बायकांची असावी.

सुनावणीच्या दिवशी फळ्यावर हरकत घेणाऱ्यांची यादी. पहिलं नाव माझं! दारातच आबा उभे, हातात कोरं संमतीपत्र.

“बाई, तुम्हीच हरकत घेतली? मग माझी न्हाई सही. तुम्ही शिकल्याल्या. कायतरी काळंबेरं दिसलं आसंल तवाच लिवलं.”

मी तरातरा कारकुनाकडे गेले. “अहो, ही सूचना आहे!”

“मॅडम, अर्ज आला की आम्ही हरकतीतच धरतो. सूचना आजवर कुणी दिलीच नाही.”

आत नगरपरिषदेच्या साहेबांसमोर मी अर्ज मोठ्यानं वाचला. सभागृहात एकजात पुरुष. मागून कुणीतरी ओरडलं, “आज्जी, पाठीला भोपळा बांधून उतरणार का?”

“भोपळा तू बांध. मला पोहता येतं,” मी म्हटलं. शेवटचं पोहले तेव्हा मी फ्रॉक घालत होते, हे सांगितलं नाही.

सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. ते हळूच उठले.

“साहेब, ती बायकांची सकाळ... आमच्या म्हातारीला चालंल का? तिचं गुडघं धरल्यात. डाक्टर म्हणतोय, पाण्यात चाला. आता बाप्यांच्या देखत ती कुठं उतरती?”

“चालेल की,” साहेब म्हणाले.

“मंग ते आधी लिवा. मंग सही.”

साहेबांनी इतिवृत्तात लिहिलं, वाचून दाखवलं, आणि आबांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी वर्गातल्यासारख्या!

घरी येऊन चहा ठेवते तोच आबांची बायको दारात. “बाई, पाण्यात लुगडं फुगतंय. काय घालायचं वं?”

मग टेप काढली, दोघींची मापं घेतली. ती मागच्या पानावर व्यवस्थित लिहिली आहेत. तुम्ही तिकडून, परदेशातून, पोहायचे दोन पोशाख पाठवा, गडद रंगाचे, आणि गुडघ्याखाली येतील असेच.