पाठमोरी खुर्ची

थळच्या शाळेत मी मुलींना बास्केटबॉल शिकवायचो तेव्हा कोर्टाबाहेरून सतत ओरडायचो. त्या मुली कोळीवाड्यातल्या. होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारणाऱ्या घरांतल्या. माझा आवाज त्यांना जड जात नसे. उलट चालत्या खेळात उत्तर यायचं, "कनाला बोंबलता सर? तुमीच या खेलाला!" मग त्या दुप्पट जोराने धावायच्या. आम्ही जिंकायचो, आणि मला वाटायचं, शिकवणं म्हणजे हेच.

बदली होऊन म्हसळ्याला आलो ते हाच घसा घेऊन. इथल्या मुली आतल्या गावांतल्या, भातशेतीच्या घरांतल्या. मी ओरडलो की त्या गप्प व्हायच्या. सगळ्यांत उंच मुलगी खेळातही सर्वांत पुढे होती, पण चेंडू हातात आला की आधी माझ्याकडे बघायची. तेवढ्यात समोरची तो हिसकावून न्यायची. "माझ्याकडे काय बघतेस? माझ्या तोंडावर बास्केट आहे?" मी म्हणालो. बाकीच्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. मैत्रिणीने सांगितलं, "सर ओरडले की तिचे हात गार पडतात."

तिच्यावाचून संघ उभा राहत नव्हता, आणि तिला परत बोलवायचं तोंड मला नव्हतं.

मराठी शिकवणाऱ्या बाई कॉलेजात हा खेळ खेळलेल्या. त्यांनी विचारलं, "सर, थोडे दिवस मी बघू?" मी हो म्हणालो, त्यात थोडी चीडही होती. बाईंनी ऑफिसातली प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि कोर्टाकडे पाठ करून बसल्या.

"बाई, अशानं दिसणार काय तुम्हाला?"

"ऐकू येतं की, सर."

सुरुवातीला नुसता चेंडू आपटल्याचा आवाज. मुली खुर्चीकडे बघायच्या, पण तिथे विचारायला चेहराच नव्हता. हळूहळू एकीने दुसरीला हाक मारली, मग कुणीतरी खेकसलं, "टाक गो इकडं, झोपलीस काय?" बाई मागे न वळता म्हणाल्या, "छान! अजून भांडा." खेळ थांबला की मात्र त्या प्रत्येकीजवळ जाऊन हळू आवाजात बोलायच्या. मी फाटकाशी उभा राहून ऐकायचो. इतकी वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. थळला बाईंनी असं केलं असतं तर मुली खुर्चीसकट त्यांना उचलून घेऊन गेल्या असत्या. माझ्याकडून थळचे किस्से ऐकलेल्या बाईंनीच हेही हसत मला सांगितलं. इथे काय लागेल, ते त्यांनी मुलींकडे बघून ठरवलं होतं.

उंच मुलीला मैत्रिणींनीच परत आणलं. "सर आता लांब असतात," असं सांगून. ते मला लागलं, पण खोटं नव्हतं. तिची माफी मात्र मी मागितली नाही. रोज ठरवायचो आणि राहून जायचं.

जिल्ह्याच्या सामन्यात मध्यंतराला आम्ही मागे होतो. समोरची आठ नंबरची मुलगी आवरत नव्हती. न राहवून मी पुढे झालो. "तू बास्केटखाली थांब," उंच मुलीला म्हणालो. म्हणताक्षणी धसका बसला, आता हिचे हात गार पडणार.

तिने पाण्याची बाटली खाली ठेवली. "न्हाय सर. ती दरवेळी डावीकडनं येते. मी तिथंच उभी राहणार."

मी बाईंकडे पाहिलं. त्या बुटाची नाडी बांधत होत्या.

"बरं," मी म्हणालो.

खेळ सुरू झाला. आठ नंबर डावीकडून आली, आणि आमची मुलगी आधीच तिथे होती.